जुन्नर-आंबेगाव परिसरातील नभोवाणी आणि संगीतवैविध्याचा प्रश्न

प्रस्तावना

नभोवाणी हे ग्रामीण भागातील सर्वांत स्वस्त व सुलभ माध्यमांपैकी एक होय. अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही शेतात काम करता करता त्याचा आस्वाद घेता येतो. तथापि, ‘तीच ती गाणी पुन्हा पुन्हा लागतात’ ही श्रोत्यांची सर्वसाधारण तक्रार आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या बाबतीत या तक्रारीला विशेष अर्थ आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. चैत्रातील यात्रांसाठी फडांच्या सुपाऱ्या ठरविण्याकरिता गावोगावचे पंच येथे येतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांची कर्मभूमी हीच. भजन, भारूड, जागरण-गोंधळ, लग्नगीते आणि पश्चिमेकडील महादेव कोळी व ठाकर समाजांची गाणी हे या भागाचे सांगीतिक वैभव आहे. मग नभोवाणीवर ते अभावानेच का ऐकू येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वैविध्याचा संकोच केवळ बाजारपेठेमुळे होतो असे नाही. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर यांनी शास्त्रीय संगीताच्या प्रसारासाठी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर मर्यादा आणल्या. परिणामी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. श्रोत्यांची आवड वरून ठरविता येत नाही, हा या घटनेचा बोध होय.

याच काळात पुणे केंद्राने दुसरे उदाहरण घालून दिले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या या केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्यास एक नवे गीत याप्रमाणे प्रसारित केले. ५६ गीतांच्या या मालिकेने प्रादेशिक केंद्र हे संगीताचे वितरकच नव्हे, तर निर्मातेही होऊ शकते हे सिद्ध केले.

पुनरावृत्तीची कारणे

१९९९ च्या धोरणाने एफ.एम. क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले व २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात त्याचा विस्तार झाला. या वाहिन्यांना स्वतंत्र बातम्या देण्यास मनाई असल्याने गाणी हाच त्यांचा मुख्य आधार राहिला. लिलावातील बोली, शुल्क आणि संगीताचे स्वामित्वधन यांचा खर्च जाहिरातींतून भरून काढावयाचा असतो. जाहिरातदार श्रोतृसंख्या पाहतो. म्हणून संगणकाच्या साहाय्याने निवडक लोकप्रिय गाणी ठरावीक अंतराने फिरविली जातात.

स्पर्धा वाढली की वैविध्य वाढेल, ही अपेक्षा का फोल ठरते याचे स्पष्टीकरण अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टायनर यांनी १९५२ साली दिले. समजा, शंभर श्रोत्यांपैकी ८० जणांना चित्रपटगीते व २० जणांना लोकसंगीत हवे आहे. तीन वाहिन्यांनी चित्रपटगीतेच लावली तरी प्रत्येकीस सुमारे २७ श्रोते मिळतात. लोकसंगीताकडे वळणाऱ्या वाहिनीस मात्र २० वरच समाधान मानावे लागेल. चौथी वाहिनी आली तरी दोन्ही पर्याय समान ठरतात. पाचवी आल्यावरच लोकसंगीत लाभदायक होते. याउलट सर्व वाहिन्या एकाच मालकाच्या असतील, तर तो दोन्ही वर्गांसाठी वेगवेगळी वाहिनी चालवील. दुसऱ्या टप्प्यात एका शहरात एका कंपनीस एकच वाहिनी अनुज्ञेय होती. मक्तेदारी टाळण्यास हा नियम योग्य असला, तरी त्याने सारखेपणास हातभार लावला.

भूगोलाचाही येथे विचार करावा लागतो. एफ.एम. लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. सह्याद्रीच्या रांगांआड वसलेल्या खोऱ्यांत त्या क्षीण होतात. शिवाय पुण्यातील वाहिनीचा जाहिरातदार शहरी ग्राहक डोळ्यांपुढे ठेवतो.

सामुदायिक नभोवाणीचा पर्याय

२००६ च्या धोरणानुसार शैक्षणिक संस्थांबरोबरच स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक सहभागातून तयार व्हावेत अशी त्यात अट होती. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे याचे परिचित उदाहरण होय.

अशा केंद्राची शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅट असल्याने त्याचा पल्ला थोड्याच किलोमीटरचा असतो. डोंगराळ आंबेगावात एक केंद्र पुरेसे ठरणार नाही. खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येणार नाही, याची दक्षताही या परिसरातील प्रक्षेपकाच्या नियोजनात घ्यावी लागेल.

सामग्रीची मात्र वाण नाही. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. असेच ध्वनिमुद्रण जुन्नर-आंबेगावात महाविद्यालयीन विद्यार्थी करू शकतात. मात्र कलावंतांची संमती व मानधन ही त्याची पूर्वअट असावी.

निष्कर्ष

गाण्यांची पुनरावृत्ती हा निवेदकांच्या अभिरुचीचा दोष नसून परवाना, जाहिरात व भूगोल यांच्या रचनेचा परिणाम आहे. भ्रमणध्वनीमुळे श्रोत्यास आज हवे ते गाणे शोधता येते. परंतु जे ध्वनिमुद्रितच झाले नाही, ते शोधूनही सापडत नाही. जुनी गाणी मुखोद्गत असणारी पिढी वृद्ध होत आहे. म्हणून प्रक्षेपणाची सोय होण्याची वाट न पाहता ध्वनिमुद्रणाचे काम प्रथम हाती घेणे अगत्याचे आहे.