ब्लाइंडवाल्यापुढे चाल किती?

पोळ्याच्या करीला आमच्या भागात तिर्रटाचे डाव बसतात, हे प्राध्यापक मंडळींपासून लपवण्यात अर्थ नाही. शहरात त्यालाच तीन पत्ती म्हणतात. १८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा लागू असूनही बसायचे ते बसतातच. तेव्हा कपाळाला आठ्या न घालता पुढील हिशोब वाचावा, ही विनंती.

हट्ट्याचा माझा एक वर्गमित्र गेल्या करीच्या रात्री परीक्षेच्या फॉर्मचे पैसे हरून आला. हातात राजा, राणी, सत्ती. समोर एकच गडी उरलेला, तोही पत्ते न उचलता ब्लाइंड लावणारा. "माझेच पत्ते वरचढ असण्याचा संभव जास्त होता, मग मी चुकलो कुठे?" हा त्याचा प्रश्न.

संभव खरोखरच जास्त होता. बावन्न पत्त्यांतून तिघांचे २२,१०० संच होतात. त्यांत जोड किंवा तिच्यावरचे काही असलेले संच फक्त ५,६६०. उरलेल्या १६,४४० संचांत नुसते मोठे पान. मी वहीत मोजून पाहिले, तर बरोबर मधला संच राजा-दश्शी-दुर्रीच्या आसपास येतो. मित्राचे पत्ते शंभरात सुमारे ५६ वेळा सरस ठरले असते.

पण डाव बरोबरीचा नव्हता. पत्ते पाहिलेल्याने ब्लाइंडच्या दुप्पट लावायचे, हा नियम. समोरच्याचे दहा तर याचे वीस. अशा शंभर फेऱ्या धरा : ५६ वेळा दहा मिळाले म्हणजे ५६०, आणि ४४ वेळा वीस गेले म्हणजे ८८०. फेरीमागे सव्वातीन रुपयांच्या जवळपास तोटा! मधल्या ढिगातले पैसे हा तोटा काही काळ भरून काढतात, म्हणून एखाददुसरी फेरी परवडते. मित्राने आठ फेऱ्या केल्या. शिवाय समोरचा ब्लाइंड असेल तर पाहिलेल्याला शो मागता येत नाही. डाव संपवायचा केव्हा, ते ब्लाइंडवालाच ठरवतो. लांबलचक डावात टिकायचे तर तिनांत दोनदा जिंकणारे पत्ते हवेत, म्हणजे साधारण एक्का-गुलाम किंवा त्याहून वर. राजा-राणी तिथे तोकडीच पडते.

आता रकमेचे. पाहिलेल्याला ब्लाइंडच्या दुप्पट ते चौपट लावता येते. मित्राने चौपट लावून समोरच्याला भिववायचा प्रयत्न केला, आणि माझ्या मते खरी चूक हीच. १९४४ साली जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या ग्रंथात दोघांच्या पोकरचा एक सोपा नमुना मांडला गेला. त्यातही बोली दोनच, मोठी आणि लहान. आणि हलक्या पत्त्यांवर अधूनमधून मोठ्या बोलीची हूल द्यावी, असे गणितानेच निघते. परंतु हूल चालते ती स्वतःचे पत्ते पाहून विचार करणाऱ्यावर. ज्याने पाहिलेच नाही, तो भिणार कशाला? उलट चाल चौपट झाली की पुढची प्रत्येक फेरी दुप्पट महाग. हलके पत्ते असतील तर टाकून द्यावेत. जोड असेल तर किमान रकमेवरच थांबावे. मोठी चाल पाहून त्याने पत्ते उचलले, तर शंभरात चौऱ्याहत्तर वेळा त्याला जोडही दिसणार नाही आणि बहुधा तो निघून जाईल.

पोकरमध्ये ही दुप्पटीची सक्ती नाही, त्यामुळे तिथे आक्रमक गड्याशी हिशोब निराळा. ढीग शंभराचा असताना त्याने पन्नास लावले, तर दोनशेच्या डावासाठी आपले पन्नास जातात. चारांत एकदा जिंकलो तरी भागते. त्याने शंभर लावले तर तिनांत एकदा, दोनशे लावले तर पाचांत दोनदा. जो उठसूट मोठी बोली लावतो त्याला दर वेळी चांगले पत्ते येणे शक्य नाही. म्हणून मध्यम पत्त्यांवर नुसती बरोबरी करावी, वर चढवू नये. आपल्याकडे उत्तम पत्ते असतील तर थोडेच लावावे किंवा पाळी तशीच पुढे द्यावी आणि त्यालाच चढवू द्यावे. मात्र तो चढवतो आणि कधी सोडतही नाही, असे दोन-चार डावांत दिसले, तर उत्तम पत्त्यांवर भरपूर लावावे.

मित्राला हे सारे पटले. "पण अर्धे पैसे ढिगात पडल्यावर पत्ते टाकवत नाहीत रे," एवढेच म्हणाला. फॉर्म त्याने विलंब शुल्क भरून दिला.