भिजलेला गेमिंग संगणक : काय वाचवावे, काय विकत घ्यावे

पाण्याच्या वाटा

पालघर जिल्ह्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्यात संगणकात पाणी शिरण्याच्या वाटा जवळजवळ ठरलेल्या आहेत. तळमजल्याच्या खोलीत रस्त्यावरचे पाणी येते, सिमेंटच्या पत्र्यातून गळती होते, किंवा एसीची निचऱ्याची नळी तुंबून पाणी भिंतीवरून थेट कॅबिनेटवर ओघळते. ही शेवटची वाट पाऊस नसतानाही उघडी असते, म्हणून अधिक फसवी. तिन्ही वाटांचे पाणी सारखे नसते. एसीचे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने त्यात क्षार अत्यल्प असतात. छपराचे पाणी धूळ आणि गंज घेऊन उतरते. रस्त्यावरच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असते, औद्योगिक वसाहतीजवळ रसायनांचे अंशही असू शकतात. चिंचणी, केळवे, सातपाटी या किनाऱ्यावरच्या गावांत तर हवाच खारट, त्यामुळे संगणक भिजण्याआधीच त्याच्या पत्र्यावर मिठाचा सूक्ष्म थर बसलेला असतो. पाणी कोणते होते, यावर पुढचा बराचसा खर्च ठरतो.

क्षार, वीज आणि गंज

शुद्ध पाणी जवळजवळ वीजरोधक असते. वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. मदरबोर्डवर तांब्याचे मार्ग एकमेकांपासून मिलिमीटरच्या अंशाइतक्या अंतरावर असतात. त्यांच्यामध्ये क्षारयुक्त पाणी आणि विद्युतदाब एकत्र आले की धन बाजूचा धातू विरघळतो आणि ऋण बाजूकडून त्याचे केसासारखे तंतू वाढू लागतात. तंतू पलीकडे पोचला की शॉर्ट सर्किट. वीज नसेल तर साधा गंज तेवढा चढतो आणि त्याची गती पुष्कळ मंद असते.

बंद संगणक वीजविरहित असतो, हा समज मात्र चुकीचा आहे. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बोर्डाला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा देत राहतो, आणि प्लग काढल्यावरही सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल बोर्डाच्या काही भागांत दाब टिकवून ठेवतो. म्हणून पहिली कृती दोन टप्प्यांची : प्लग काढणे आणि सेल काढणे. तळमजल्यावर पाणी उभे असेल तर त्याहीआधी मेन स्विच.

वाळवणे म्हणजे वाचवणेही नव्हे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतले बाष्प ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तोच प्रकार बोर्डवर होतो. मे महिन्यात वाळवून सुरू झालेला संगणक जुलैत अचानक मरतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

धुणे आणि वाळवणे

क्षार पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये फारसे नाहीत. त्यामुळे गढूळ किंवा खारे पाणी शिरलेला बोर्ड आधी क्षारविरहित पाण्याने, म्हणजे बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने, मऊ ब्रशने धुवावा लागतो. नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने उरलेले पाणी हाकलायचे असते. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये उरलेला भाग पाणीच असतो, म्हणून या शेवटच्या कामाला ते तितके उपयोगी नाही. तांदळाच्या डब्यात भाग पुरून ठेवण्याचा उपाय लोकप्रिय आहे, पण त्याने तांदळाची धूळ तेवढी स्लॉटमध्ये जाते. पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवणे त्याहून बरे. हीट सिंक काढल्याशिवाय धुणे अर्धवट राहते, कारण पाणी अडकते ते त्याच्याखालीच.

विम्याची नोंद

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, घरातल्या सामानाला संरक्षण असते आणि पुराचा समावेश असतो. अशी पॉलिसी असेल तर भाग टाकण्यापूर्वी छायाचित्रे, अनुक्रमांक आणि जुनी बिले जपावी लागतात. सर्वेक्षक भंगाराचे नव्हे, वस्तूचे मूल्यमापन करतो. भागांच्या स्वतःच्या वॉरंटीत द्रवाने झालेली हानी सहसा बसत नाही.

एसएमपीएस : येथे काटकसर नको

भिजलेल्या संगणकात सर्वांत आधी बदलायचा भाग हा, आणि तो नवाच घ्यायचा. कारण त्याच्या स्थानात आहे. बाकी सगळ्या भागांची वीज याच्यातून जाते. त्याचा दोष प्रत्येकापर्यंत पोचू शकतो. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर चालू स्थितीत साधारण ४०० व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो, त्यामुळे उघडून धुणे हे घरगुती काम नाही.

किती वॉटचा घ्यावा, याचे उत्तर बेरजेत आहे. ६५ वॉट छापलेला एएम४ प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत घेतो, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड १३२ वॉट, आणि बोर्ड, डिस्क, पंखे मिळून पन्नासेक. बेरीज २७० च्या आसपास. ग्राफिक्स कार्ड क्षणभर छापील आकड्याच्या वर उसळी घेते हे धरले तरी चांगल्या प्रतीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस पुरतो. ७५० वॉटचा आकडा छापलेला हलका डबा त्याहून वाईट. ‘८० प्लस’ हे चिन्ह कार्यक्षमता सांगते, संरक्षण-व्यवस्थेबद्दल ते काहीच सांगत नाही. आणखी एक सापळा सुट्या केबलचा आहे. वेगवेगळ्या मोड्युलर एसएमपीएसच्या केबलची एका टोकाची जोडणी सारखी दिसली तरी दुसऱ्या टोकाच्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. जुनी केबल नव्या डब्याला लावली तर वाचलेली डिस्कही जाते.

तारापूरला देशातले पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ पासून उभे आहे. पण घरातल्या पुरवठ्याचा दर्जा ठरतो तो गल्लीतल्या रोहित्रावर आणि इमारतीच्या अर्थिंगवर. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन भिंतीत कुठेच जोडलेली नसेल तर उत्तम एसएमपीएसचेही संरक्षण अपुरे पडते.

तपासणीचा क्रम

नवा एसएमपीएस आल्यावर जुने भाग एकेक करून तपासायचे असतात, कॅबिनेटच्या बाहेर, पुठ्ठ्यावर : बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी. येथे एक धोका क्वचितच सांगितला जातो. बोर्डवरचे दाब-नियंत्रक १२ व्होल्टचे साधारण १ ते १.४ व्होल्ट करून प्रोसेसरला देतात. त्यांतला एखादा वरच्या बाजूचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल तर १२ व्होल्ट थेट प्रोसेसरमध्ये जाऊ शकतात. म्हणून चांगला प्रोसेसर संशयित बोर्डात बसवून पाहणे हा महागडा प्रयोग ठरतो. आधी प्रोसेसर काढून मल्टिमीटरने प्रोसेसरच्या वीज-जोडणीत आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट आहे का, हे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे.

मदरबोर्ड : निर्णयाचा केंद्रबिंदू

पाण्याने सर्वाधिक मरतो तो मदरबोर्ड, आणि उरलेले सर्व भाग जोडले जातात ते त्याच्याशीच. त्यामुळे बोर्ड बदलणे हा एका भागाचा निर्णय राहत नाही. सॉकेट प्रोसेसर ठरवतो आणि स्लॉट रॅम ठरवतो. डीडीआर४ पट्टी डीडीआर५ स्लॉटमध्ये बसतच नाही, कारण दोन्हींची खाच वेगळ्या जागी आहे. बोर्ड मेला पण प्रोसेसर आणि रॅम वाचली, तर सर्वांत स्वस्त मार्ग बहुधा त्याच सॉकेटचा बोर्ड शोधणे हा असतो.

एएम४ सॉकेटवाल्यांचे नशीब येथे चांगले. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत हेच सॉकेट चालले, त्यामुळे ए५२०, बी४५०, बी५५० बोर्ड नवे-जुने दोन्ही शोधता येतात. बी४५० सारख्या आधीच्या बोर्डांना ५००० मालिकेसाठी बायोस अद्ययावत असावा लागतो. प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरवरच असल्याने भिजल्यावर त्या डोळ्यांनी तपासताही येतात. इंटेलमध्ये पिना सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवर असतात आणि सॉकेटही वारंवार बदलले : सहाव्या ते नवव्या पिढीला ११५१, दहाव्या-अकराव्याला १२००, बाराव्या ते चौदाव्याला १७००. शिवाय ११५१ चा प्रत्येक बोर्ड प्रत्येक पिढी घेत नाही, आणि १७०० मध्ये काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. खोक्यावरचे नाव जवळजवळ सारखे असते.

फार जुन्या सॉकेटसाठी नवा बोर्ड अत्यल्प किमतीत मिळतो, तेव्हा थांबून विचार करण्याजोगे आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझनच्या २००० मालिकेपासून चालते, टीपीएम २.० मागते, आणि व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर सुरक्षित बूटही तपासतो. २०११ च्या चिपसेटवर घातलेले पैसे त्यामुळे खेळासाठी वाया जातात. हिशेब लिहिण्याला तो संगणक चालेल.

रॅम आणि डिस्क

एरवी रॅम हा स्वस्त, सहज बदलण्याचा भाग मानला जातो. २०२५ च्या उत्तरार्धापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले आणि हे गणित उलटले. वाचलेली डीडीआर४ पट्टी आता धुऊन, सोनेरी संपर्क पुसून, मेमटेस्टवर रात्रभर चालवून पाहण्याइतकी मोलाची झाली आहे. आणि ती वाचली, हेच जुन्या सॉकेटवर राहण्याचे सबळ कारण ठरते. एसएसडी बहुधा धुण्यातून वाचते. हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी : बहुतेक हार्ड डिस्कना हवेचे सूक्ष्म छिद्र असते, त्यातून पाणी आत गेले की चालू करणे म्हणजे तबकड्या खरवडणे. आत महत्त्वाची माहिती असेल तर ती न लावता थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे देणे श्रेयस्कर.

ग्राफिक्स कार्ड

खेळासाठी सर्वाधिक महत्त्वाचा आणि सर्वांत महाग भाग हा. त्यामुळे मोह होतो तो येथेच. कार्ड निवडताना दोन मर्यादा पाहाव्या लागतात, एसएमपीएसची आणि बोर्डाची. जीटीएक्स १६५० चे साधे रूप ७५ वॉटमध्ये, स्लॉटच्याच विजेवर चालते. छोट्या एसएमपीएसला ते सोयीचे. आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ चे कार्ड स्वस्त दिसते, पण ते पीसीआयई ४.० च्या फक्त चार मार्गिका वापरते. बी४५० किंवा ए५२० या पीसीआयई ३.० बोर्डवर त्याचा माहिती-वहनाचा वेग निम्म्यावर येतो आणि ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो. त्याच बोर्डवर आठ मार्गिकांच्या आरएक्स ६६०० ला फारसा फरक पडत नाही.

पैसे आज नसतील तर कार्ड पुढे ढकलता येते. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये चित्रप्रक्रिया आतच असते आणि हलके खेळ त्यावर चालतात. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर ही सोय नाही. कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो.

बाजार : बोईसर ते लॅमिंग्टन रोड

बोईसर आणि पालघरच्या दुकानांत एसएमपीएस, रॅम, एसएसडी मिळतात आणि बिघाड झाला तर दुकानदार समोर असतो. जुन्या सॉकेटचा बोर्ड मात्र बहुधा मुंबईतच शोधावा लागतो. ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा त्यासाठीचा जुना बाजार. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आल्याने पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावर दोन्ही टोके आली. जलद लोकल ग्रँट रोडला थांबत नसेल तर वाटेत गाडी बदलावी लागते. दिवस जातो. म्हणून जुना बोर्ड ‘चालू आहे’ या शब्दावर न घेता दुकानातच प्रोसेसर, रॅम लावून चालवून पाहणे आणि किमान महिनाभराची टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून घेणे आवश्यक ठरते. परत करायला पुन्हा तोच प्रवास असतो.

जुन्या बोर्डात पाण्याची खूण शोधता येते. लॅन पोर्टच्या पत्र्यावर तांबूस डाग, स्क्रूच्या भोकांभोवती गंज, स्लॉटच्या खाचेत खडूसारखी पांढरी पूड, कॉइलच्या पायांशी हिरवट कडा, सुरकुतलेला अनुक्रमांकाचा स्टिकर. धुऊन चमकवलेला बोर्ड वरून स्वच्छ दिसतो, पण हीट सिंकच्या खालची कडा खोटे बोलत नाही.

निकामी भागांचे काय

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार संगणकाचा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. प्रत्यक्षात तो भंगारवाल्याकडे जातो, आणि बोर्ड बरा दिसत असेल तर तिथून पुन्हा जुन्या मालाच्या बाजारात येऊ शकतो. मेलेल्या बोर्डाच्या सॉकेटवर न पुसणाऱ्या मार्करने मोठी फुली मारून आणि एसएमपीएसची केबल कापूनच ते घराबाहेर काढलेले बरे.