पायथनचे क्लास आणि टिकून राहिलेला ‘सेल्फ’

पायथन शिकणारा विद्यार्थी लूप, लिस्ट, फंक्शनपर्यंत बिनधोक येतो आणि क्लासपाशी अडतो. अडण्याची जागाही बहुधा ठरलेली असते: प्रत्येक मेथडच्या कंसात सर्वांत आधी लिहावा लागणारा ‘सेल्फ’. गेल्या तीसेक वर्षांत पायथनच्या क्लासमध्ये पुष्कळ उलथापालथ झाली, पण हा ‘सेल्फ’ जागचा हलला नाही. तो का टिकला हे उमगलं की क्लास निम्मा उमगला, असं माझं ठाम मत आहे.

गिडो व्हॅन रोसम यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत काम करत असताना डिसेंबर १९८९ मध्ये, नाताळच्या सुटीत पायथन लिहायला घेतली. क्लास तिच्यात सुरुवातीपासून नव्हते. पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा ते आले. भाषेत आधीपासून असलेल्या फंक्शनवरच भागवायचं, मेथडसाठी निराळं व्याकरण उभारायचं नाही, असा मार्ग त्यांनी निवडला. ऑब्जेक्ट उघडपणे पहिल्या जागी लिहिण्याची रीत मॉड्युला-३ या भाषेवरून घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ०.९.० ही आवृत्ती जगापुढे आली, तेव्हा तिच्यात क्लास आणि इनहेरिटन्स दोन्ही होते.

या निवडीचा अर्थ एका उदाहरणात दिसतो. समजा, ‘खाते’ हा क्लास आहे आणि त्यात ‘जमा’ ही मेथड. पायथन ३ मध्ये अशी देवनागरी नावं खरोखरच चालतात. आपण ‘रमा.जमा(रक्कम)’ लिहितो, तेव्हा पायथन प्रत्यक्षात ‘खाते.जमा(रमा, रक्कम)’ एवढंच करते. ‘सेल्फ’ म्हणजे इथे रमाचं खातं. मेथड लिहिताना ‘सेल्फ’ विसरला, तर ‘एकच आर्ग्युमेंट घेते, पण दोन दिली’ अशा अर्थाची एरर येते आणि विद्यार्थी चक्रावतो, कारण त्याने तर एकच दिलेलं असतं. दुसरं कुठून आलं, हे या उदाहरणावरून लगेच कळतं.

सुरुवातीच्या काळात एक मोठी गैरसोय होती. लिस्ट किंवा डिक्शनरीसारखे अंगभूत टाइप आणि आपण लिहिलेले क्लास यांच्यात भिंत होती. लिस्टवरून थेट इनहेरिट करता येत नसे. डिसेंबर २००१ मधल्या २.२ आवृत्तीने ती भिंत पाडली. प्रॉपर्टी आणि ‘सुपर’ही तेव्हाच आले. पण जुने क्लासही चालू ठेवले गेल्यामुळे नव्या पद्धतीच्या क्लासपुढे कंसात ‘ऑब्जेक्ट’ लिहिणं भाग होतं, आणि नवशिक्याला त्याचं कारण सांगताना शिकवणाऱ्याची दमछाक होई. डिसेंबर २००८ मध्ये ३.० आवृत्तीने जुनी पद्धत काढून टाकली. ‘सुपर’चा कंसही आता रिकामा ठेवता येऊ लागला.

‘सेल्फ’ही आता काढून टाकावा, असा प्रस्ताव लेखक ब्रूस एकेल यांनी त्याच वर्षी मांडला. व्हॅन रोसम यांनी सविस्तर लिहून तो नाकारला. वरच्या खात्याच्या उदाहरणातल्या दोन ओळींचं समान असणं त्यांना मोलाचं वाटत होतं. शिवाय बाहेर लिहिलेलं साधं फंक्शन नंतर क्लासला मेथड म्हणून जोडता येतं, तेही ‘सेल्फ’ उघड लिहिलेला असल्यामुळेच. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. चार अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, पण आत काय चाललंय ते डोळ्यांसमोर राहतं.

पुढे प्रश्न बदलला: क्लास लिहावा तरी कधी? २०१२ च्या पायकॉन परिषदेत जॅक डीडरिक यांनी बजावलं, की क्लासमध्ये दोनच मेथड असतील आणि त्यातली एक ‘इनिट’ (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारी मेथड) असेल, तर तिथे फंक्शन पुरेसं आहे. जून २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीत डेटाक्लास आले आणि केवळ माहिती साठवणाऱ्या क्लासचं ‘इनिट’ हाताने लिहिण्याचं काम संपलं.

या साऱ्या प्रवासातून शिकवण्याचा क्रमही मिळतो. प्राणी, मग कुत्रा, मग भुंकणं अशा नमुन्यांनी सुरुवात करू नये. आधी फंक्शन आणि डिक्शनरी वापरून खऱ्या गरजेचा प्रोग्रॅम लिहू द्यावा. नाव, शिल्लक, व्यवहारांची यादी ही तीच ती माहिती चार-पाच फंक्शनमधून फिरवताना विद्यार्थी कंटाळला, की ती फंक्शनं क्लासमध्ये हलवायला सांगावीत. फिरवली जाणारी ती डिक्शनरी पहिल्या आर्ग्युमेंटच्या जागी होतीच. आता तिथे ‘सेल्फ’ येतो. मग तो पाठ करावा लागत नाही, कारण त्याचं काम विद्यार्थ्याने आधीच स्वतःच्या हाताने केलेलं असतं.