दिव्यांचें झाड

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला कीं अमेरिकेंतील शहरांच्या उपनगरांतून संध्याकाळीं मोटारींच्या रांगा संथपणें फिरूं लागतात. घरोघरच्या अंगणांत नाताळची रोषणाई मांडलेली असते आणि ती पाहण्यासाठीं मुलाबाळांसह कुटुंबेंच्या कुटुंबें बाहेर पडतात. या रोषणाईंत हल्लीं मानाचें स्थान असतें तें एका उंच, निमुळत्या, दिव्यांच्या झाडाला. घटकेंत तें हिरवेंगार दिसतें, घटकेंत त्यावर बर्फ पडूं लागतें, तर घटकेंत तांबड्या पट्ट्या बुडापासून शेंड्यापर्यंत नागमोडी चढत जातात. जवळ जाऊन पाहणाऱ्याला मात्र तेथें झाड मुळींच आढळत नाहीं. मध्यें एक लोखंडी नळ, आणि त्याच्या माथ्यापासून जमिनीवरील कड्यापर्यंत छत्रीच्या काड्यांप्रमाणें ताणलेल्या दिव्यांच्या माळा, एवढाच काय तो पसारा. लांकूड गेलें, पानें गेलीं; उरला तो केवळ आकार आणि प्रकाश.

जेजुरीच्या दगडी दीपमाळा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना झाडावांचून दिव्यांचें झाड ही कल्पना अगदींच नवीन वाटणार नाहीं. परंतु दीपमाळेंत दिवा ठेवण्यास दगडाचा हात पुढें आलेला असतो. या झाडांत तसा आधार नाहीं; माळांनींच आकार धरावयाचा आणि माळांनींच प्रकाश द्यावयाचा. म्हणूनच तें उभारण्याचें काम वाटतें तितकें सोपें नसतें.

या झाडाची कुळकथा भीतीपासून सुरू होते. नाताळांत सूचिपर्णी झाड घरांत आणून त्यावर मेणबत्त्या लावण्याची चाल जर्मनींत रुजली व तेथून ती इंग्लंड-अमेरिकेंत गेली. तोडलेलें झाड घराच्या उबेंत झपाट्यानें वाळतें, त्याच्या अंगीं राळ असते, आणि अशा झाडावर उघड्या ज्योती! मेणबत्त्या थोडाच वेळ पेटवीत, आणि तेवढा वेळ घरांतील कोणीतरी पाण्याची बादली घेऊन झाडापाशीं उभें राही. १८८२ च्या सप्टेंबरच्या ४ तारखेला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचें वीजकेंद्र सुरू झालें. त्यानंतर चार महिनेहि लोटले नाहींत तोंच, २२ डिसेंबरला, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें न्यूयॉर्कमधील आपल्या घरीं विजेच्या दिव्यांचें पहिलें झाड सजविलें. तांबडे, पांढरे व निळे मिळून त्यावर ८० दिवे होते. झाड विजेच्याच जोरावर स्वतःभोंवतीं फिरे, आणि फिरतां फिरतां रंग आळीपाळीनें उजळत व मावळत. ज्योतीचें भय टाळावयाचें आणि दिवे नुसते न लावतां ते नाचवावयाचे, या दोन्ही गोष्टी त्या पहिल्या झाडांतच होत्या. पुढें १९२३ च्या २४ डिसेंबरला अध्यक्ष कूलिज यांनीं वॉशिंग्टन येथें ४८ फूट उंचीच्या झाडावरील २,५०० दिवे कळ दाबून लावले, तेव्हां श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील ही हौस सार्वजनिक झाली.

ज्योत गेली, तरी भय समूळ गेलें नाहीं. तें कोठें दडून बसतें, हें झाडाच्या रचनेंतून कळून येतें.

उदाहरणासाठीं घरगुती झाडाचें एक माप घेणें सोयीचें होईल. नळ १२ फूट उंच आणि पायथ्याचें लोखंडी कडें मध्यापासून ५ फुटांवर, असें धरलें तर पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणें शेंड्यापासून कड्यापर्यंतचें अंतर बरोबर १३ फूट भरतें. बाजारांत ५० दिव्यांची, दर ३ इंचांवर एक दिवा असलेली माळ मिळते. ती सुमारें साडेबारा फूट लांब असते, म्हणजे या मापाला ती जवळ जवळ बेतून शिवल्यासारखी बसते. अशा १६ माळा घेतल्या कीं ८०० दिवे झाले.

येथें पहिला प्रश्न उभा राहतो. कड्याचा परीघ ३१ फुटांहून थोडा अधिक. त्यावर १६ माळा सारख्या अंतरानें बांधल्या तर पायथ्याशीं दोन माळांमध्यें दोन फुटांची फट पडते. उभ्या ओळींत दिवे ३ इंचांवर आणि आडव्या ओळींत २ फुटांवर. मग त्यांवर उमटविलेलें चित्र विरलेल्या कापडावरील नक्षीसारखें दिसतें. यावर जाणत्या कारागिरांची युक्ति अशी कीं, झाड जर रस्त्यावरूनच पाहिलें जाणार असेल, तर त्याची पाठ सजवूं नये. त्याच १६ माळा पुढील अर्धवर्तुळांत बांधल्या कीं फट सुमारें एका फुटावर येते. दिवे तितकेच, खर्च तितकाच, आणि वीण दुप्पट दाट.

मात्र या युक्तीची किंमत खांबाला द्यावी लागते. माळा चहूंकडून असतात तेव्हां त्यांचे ताण एकमेकांना तोलून धरतात. अर्ध्या झाडांत सगळ्या माळा पुढेंच ओढतात, म्हणून पाठीमागून निदान दोन भक्कम तणावे जमिनींत खोल ठोकलेल्या मेखांना बांधावे लागतात. त्यांत भर वाऱ्याची. वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं रेटा चौपट होतो. शेंड्यावरील मोठी चांदणी दिसावयास सुंदर, पण ती जमिनीपासून सर्वांत दूर असल्यामुळें तिच्यावरील वारा खांबाला सर्वांत अधिक वांकवितो. म्हणून चांदणी हलकी व जाळीदार असावी. आणि खांब आडवा पडला तर तो जेथपर्यंत पोहोंचेल त्या टापूंत विजेची उघडी तार किंवा लोकांची पायवाट असूं नये, हा नियम खांब उभा करण्यापूर्वींच पाळावयाचा असतो.

दुसरा प्रश्न विजेचा. अमेरिकेंतील घरगुती वीज १२० व्होल्टांची असते. आरंभींच्या माळांत ८ दिवे एकसर जोडलेले असत आणि प्रत्येकाच्या वांट्याला १५ व्होल्ट येत. एकाचा तंतु तुटला कीं आठहि दिवे विझत, आणि त्यांतील अपराधी कोण हें शोधण्यांत सबंध संध्याकाळ जाई. पुढें ५० बारीक दिव्यांच्या माळा आल्या. त्यांत तंतूच्या बुडाशीं एक सूक्ष्म आडतार असते. तंतु तुटतांच ती प्रवाहाला वाट करून देते व बाकीचे दिवे जळत राहतात. परंतु विझलेल्या दिव्याच्या वांट्याचा दाब उरलेल्यांवर पडतो, ते अधिक तापतात, आणि वेळींच दिवा बदलला नाहीं तर सांथीप्रमाणें एकामागून एक दिवे जाऊं लागतात. भारतांत घरगुती दाब २३० व्होल्टांचा आहे. त्यामुळें अमेरिकेंतील आप्तांनीं हौसेनें पाठविलेली अशी माळ मुंबई-पुण्याच्या घरांत तशीच लावली, तर ती क्षणभर भगभगून कायमची विझते.

हल्लींच्या नाचत्या झाडांत तंतूचे दिवे नसतात. प्रत्येक दिव्याच्या पोटांत तांबडा, हिरवा व निळा असे तीन एल्. ई. डी. आणि त्यांना ताब्यांत ठेवणारी एक चिमुकली चिप असते. या दिव्यांच्या एका सामान्य प्रकाराला ५ व्होल्ट दाब लागतो, आणि तो पूर्ण पांढरा उजळला असतां सुमारें ०.३ वॅट वीज घेतो. ८०० दिव्यांचे झाले २४० वॅट, म्हणजे छताच्या तीन पंख्यांहून फारसे अधिक नाहीं. हा आंकडा ऐकून पुष्कळजण निर्धास्त होतात, आणि चूक नेमकी तेथेंच होते. २४० वॅट ५ व्होल्टांनीं पुरवावयाचे तर ४८ अँपियर प्रवाह वाहूं लागतो, आणि तार किती तापेल हें प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असतें. एखादी बारीक तार किंवा सैल राहिलेला एखादा जोड अशा प्रवाहानें तापतो, वेष्टण वितळतें. मेणबत्तीचें जुनें भय दबा धरून बसतें तें या ठिकाणीं.

उपाय साधा आहे. सगळा प्रवाह एका तारेंतून न नेतां प्रत्येक माळेला स्वतंत्र वाट द्यावी. मग एका माळेला अधिकांत अधिक ३ अँपियर पुरतात, आणि त्या वाटेवर ५ अँपियरचा फ्यूज बसवितां येतो. तार अपुरी पडत असल्याची सूचना झाड स्वतःच देतें. निळ्या व हिरव्या एल्. ई. डी. ला सुमारें ३ व्होल्ट लागतात, तांबड्याला २ पुरतात. म्हणून तारेंत दाब खर्ची पडला कीं माळेच्या टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजीं तांबूस दिसूं लागतात. तसें दिसतांच माळेला दुसऱ्या टोकानेंहि वीज द्यावी. वीजपुरवठ्याची पेटी पावसापासून झांकलेली पण हवेशीर असावी, तारा पेटींत खालच्या बाजूनें शिराव्या, आणि घरांतील मूळ जोडावर गळती ओळखून वीज तोडणारी कळ असावी. अमेरिकेंत अशी कळ सुमारें ५ सहस्रांश अँपियरच्या गळतीलाच वीज तोडते. भारतीय घरांत माणसाच्या रक्षणासाठीं ३० सहस्रांशांची कळ रूढ आहे.

आतां दिवे नाचतात कसे तें पाहावयाचें. माळेंतून विजेबरोबर हुकमांचीहि एक तार जाते. प्रत्येक दिव्याला २४ खुणांचा एक हुकूम असतो. तीन रंगांना आठ आठ खुणा. त्यांनीं प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठरतात, आणि तीन रंग मिळून १ कोटि ६७ लक्षांहून अधिक छटा होतात. पंगतींत पहिल्या पानावरील माणसानें पत्रावळींच्या चवडींतील वरची आपल्यापुढें मांडावी आणि बाकीची चवड पुढें सरकवावी, त्याप्रमाणें प्रत्येक दिवा पहिला हुकूम स्वतःसाठीं ठेवतो व उरलेले पुढें धाडतो. सेकंदाला ८ लक्ष खुणा या वेगानें ८०० दिव्यांची ही वाटणी २४ सहस्रांश सेकंदांत पुरी होते, म्हणजे सेकंदाला सुमारें ४० चित्रें. चित्रपटाच्या पडद्यावर ती २४ च असतात. मात्र यांत एक दिवा बिघडला कीं त्याच्यापुढील सगळे मुके होतात. म्हणून हुकमांच्याहि अनेक वाटा ठेवणें शहाणपणाचें ठरतें. अपराधी शोधणें आतां सोपें झालें आहे: शेवटचा हुकूम मानणारा दिवा, किंवा त्याच्यापुढचा पहिला न मानणारा.

कोणत्या क्षणीं कोणता दिवा कोणत्या रंगाचा, हें सर्व संगणकावर गाण्याच्या ठेक्याला धरून आगाऊ लिहून ठेवतात. या कामासाठीं एक्सलाइट्स नांवाची आज्ञावली विनामूल्य मिळते. नवशिका येथें एक मोह आवरूं शकत नाहीं: सर्व दिवे, सर्व रंग, पूर्ण तेजानें. असें झाड पांच मिनिटांत डोळ्यांना नकोसें होतें. डोळा प्रकाश सरळ प्रमाणांत मोजीत नाहीं. तेज शेंकडा ३० वर आणलें तरी अंधाऱ्या अंगणांत झाड फारसें मंद वाटत नाहीं, आणि विजेचा खप मात्र २४० वरून सुमारें ७२ वॅटांवर येतो. माळा थंड राहतात, टोकाचा तांबूसपणा जातो, आणि काळोखाला जागा मिळाल्यामुळें पडणारें बर्फ खरोखर पडल्यासारखें वाटतें. झाडाची शोभा आणि झाडाची सुरक्षितता या दोन्ही एकाच संयमांतून निघतात.

तोच संयम शेजाऱ्यांविषयींहि लागतो. २००५ सालीं ओहायो राज्यांतील मेसन येथील एका विद्युत् अभियंत्याच्या घरची १६,००० दिव्यांची, संगीतावर नाचणारी रोषणाई जगभर गाजली. तिचें संगीत कर्ण्यांतून नव्हे, तर अल्प पल्ल्याच्या रेडिओ-प्रक्षेपणानें पाहणाऱ्यांच्या मोटारींत ऐकूं जाई, आणि गल्ली शांत राही. आवाजाचा प्रश्न असा सुटला, पण गर्दीचा सुटला नाहीं. जवळच झालेल्या एका अपघाताच्या जागीं गाड्यांच्या रांगांमुळें पोलिसांना पोहोंचणें कठीण झालें, आणि त्या मालकानें प्रदर्शन थांबविलें. तेव्हांपासून रेडिओची ती युक्ति अनेकांनीं उचलली. त्याबरोबर ठरलेल्या वेळीं दिवे मालवण्याचा आणि रस्ता मोकळा ठेवण्याचा धडाहि घेण्यासारखा आहे.

नाताळ सरला कीं झाड उतरवितात. प्रत्येक माळेला क्रमांकाची चिठ्ठी बांधून ती वेगळी गुंडाळावी, आणि जोड तापून काळवंडले आहेत काय तें त्याच वेळीं पाहावें. काळा पडलेला जोड पुढल्या वर्षीं वापरूं नये. एके काळीं पाण्याची बादली घेऊन झाडापाशीं उभा राहणारा माणूस आतां तेथें नसतो. त्याच्या जागीं ५ अँपियरचा फ्यूज असतो, आणि तो योग्य तेथें बसविला असेल तरच घरांतील मंडळींना अंगणांत येऊन झाडाकडे निर्धास्तपणें पाहतां येतें.