सुगंधाचे रसायन आणि सुगंधाची कला : जिनिव्हातील फिर्मेनिश पेढीची परंपरा

सुगंधी द्रव्यांच्या इतिहासात फ्रान्समधील ग्रास या नगरीस महत्त्व आले ते तेथील फुलांमुळे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हास ते आले प्रयोगशाळेमुळे. १८९५ साली फिलिप शुई हा रसायनज्ञ व त्याचा भागीदार मार्टिन नेफ यांनी जिनिव्हात सुगंधी रसायनांची पेढी स्थापन केली. १९०० साली फ्रेड फिर्मेनिश तीत सामील झाला आणि कालांतराने पेढीस त्याच्या घराण्याचे नाव प्राप्त झाले. इतरांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अत्तरांची द्रव्ये व रचना पुरविणे हे तिचे मुख्य कार्य. २०२३ साली डीएसएम या डच कंपनीशी विलीनीकरण होईपर्यंत तिची मालकी घराण्याकडेच राहिली.

या पेढीच्या परंपरेतून एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. नैसर्गिक गंधाचे पृथक्करण करून त्याचा घटक हाती आला, म्हणजे त्या गंधाची केवळ नक्कल साधते, की कलेला नवे साधन लाभते?

कस्तुरीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हिमालयातील नर कस्तुरीमृगाच्या नाभीजवळील ग्रंथीत मिळणाऱ्या या द्रव्यातून वालबाउम या जर्मन रसायनज्ञाने १९०६ साली 'मस्कोन' हा गंधघटक वेगळा केला होता; तथापि त्याची संरचना अज्ञात होती. जिनिव्हातील या पेढीच्या साहाय्याने संशोधन करणाऱ्या लिओपोल्ड रुझिचका याने १९२६ साली असे दाखविले की, जवादी मांजराच्या स्रावातील 'सिव्हेटोन'मध्ये सतरा व मस्कोनमध्ये पंधरा कार्बन अणूंचे वलय असते. एवढे मोठे वलय ताणामुळे टिकणार नाही, अशी बायरच्या १८८५ च्या सिद्धान्तावर आधारलेली समजूत त्या काळी रूढ होती. वलय एका प्रतलात असते हे त्या सिद्धान्तातील गृहीतकच मोठ्या वलयांना लागू पडत नाही. सुगंधाच्या व्यापारी गरजेतून निघालेल्या शोधाने अशा रीतीने सेंद्रिय रसायनशास्त्रातील एक मर्यादा दूर केली. बहुमेथिलीने व उच्च टर्पिने यांवरील कार्याबद्दल रुझिचकास १९३९ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

याच संशोधनातून पंधरा कार्बनांचे, परंतु मस्कोनमधील मेथिल शाखा नसलेले 'एक्झाल्टोन' हे द्रव्य तयार झाले. मृगाच्या कस्तुरीतील प्रमुख घटकाची ती हुबेहूब प्रतिकृती नव्हे. तरीही तिचा गंध कस्तुरीचाच आहे. अशा द्रव्यांनी मृगाची शिकार थांबली असे मात्र नव्हे. भारतात त्याच्या रक्षणार्थ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार घ्यावा लागला.

दुसरे उदाहरण जाईच्या कुळातील जस्मिनचे. या फुलांच्या अर्काचा अभ्यास करताना पेढीतील रसायनज्ञ एदुआर देमोल व त्याचे सहकारी यांना मेथिल जस्मोनेट आढळले. १९६२ साली त्यांनी त्याची संरचना प्रसिद्ध केली. त्याच रेणूत दोन हायड्रोजन अणू अधिक असलेले द्रव्य 'हेडिओन' या नावाने प्रचारात आले. सुख या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव योजिले आहे. या द्रव्याचा गंध सौम्य असतो. मिश्रणातील इतर गंधांना मोकळेपणा व पारदर्शकता देणे हा त्याचा विशेष. १९६६ साली एदमों रुदनित्स्का या स्वतंत्र गंधकाराने डिओरसाठी रचलेल्या 'ओ सोव्हाज'मध्ये हा गुण प्रथम ठळकपणे प्रत्ययास आला. रसायनज्ञाने द्रव्य दिले. त्याचा अर्थ गंधकाराने शोधिला.

यावरून पेढीच्या निर्मितीविषयक भूमिकेचे स्वरूप स्पष्ट होते. पृथक्करण हे तिच्या कार्याचे आरंभस्थान असून निसर्गाची प्रतिकृती हे अंतिम साध्य नव्हे. मात्र या भूमिकेत एक अंतर्विरोधही आहे. रेणूची संरचना शोधपत्रिकेत सर्वांसाठी खुली होते. परंतु अत्तराची कृती गुप्त राहते, आणि नवी द्रव्ये काही काळ आपल्याच गंधकारांसाठी राखून ठेवण्याची या व्यवसायात प्रथा आहे. चित्रकाराचे चित्र त्याच्या नावाने ओळखले जाते. गंधकाराचे नाव मात्र दीर्घकाळ कुपीवरील नाममुद्रेआड राहिले. ज्ञान सार्वजनिक आणि कला गोपनीय, अशा या व्यवस्थेमुळे अत्तराच्या कलेचा इतिहास लिहिणाऱ्यास रसायनशास्त्राच्या शोधनिबंधांपासूनच प्रारंभ करावा लागतो.