काळ्या रानाचा कर्बाचा हिशोब

एका हेक्टरातली वरची १५ सेंटिमीटर माती तोलली, तर ती सुमारे २० लाख किलो भरते. तिच्यातला सेंद्रिय कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा म्हणजे २,००० किलो कर्ब मातीत टिकवावा लागतो. नुसता टाकून भागत नाही, कारण मराठवाड्याच्या उन्हात त्यातला बराचसा कुजून हवेत जातो.

परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या पोखर्णीचं काळंभोर शिवार बघून ही गरज पटत नाही. पण काळ्या रंगावरून कर्ब ओळखता येत नाही. या भारी जमिनींत पालाश भरपूर असतं. नत्र आणि कर्ब कमी पडतो, आणि चुनखडीमुळे स्फुरद व जस्त पिकाला नीट मिळत नाही. कोकणातल्या जांभ्या जमिनीचं दुखणं उलटं आहे. तिथे कर्ब बऱ्यापैकी असतो, पण ३,००० मिलिमीटरच्या पावसात अन्नद्रव्यं धुऊन जातात आणि माती आम्ल होते. तिथला चुन्याचा उपाय इथे कामाचा नाही.

मग शेणखत? हेक्टरी ५ टन टाकायचं म्हटलं, तर राज्याच्या सरासरी १.३४ हेक्टर जमीनधारणेला (२०१५-१६) ६.७ टन लागेल. एक जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देतं. कुजून वर्षाकाठी पावणेदोन-दोन टन खत होतं. म्हणजे दावणीला चार जनावरं हवीत. १९७०-७१ मध्ये सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती. आजच्या तुकड्यावर चार जनावरांचा चारा निघणं अवघड आहे, आणि शेणखत टाका एवढंच सांगणारा सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो.

आता सोयाबीनच्या नत्राचं खातं बघा. हेक्टरी १० क्विंटल दाण्यांतून सुमारे ६० किलो नत्र बाजारात जातं. त्यातलं निम्मं मुळांवरच्या गाठींनी हवेतून घेतलं असं धरू. शिफारशीतलं ३० किलो नत्र मिळवलं, की जमाखर्च कसाबसा बरोबरीत येतो. भुसकट विकलं किंवा बांधावर पेटवलं, की तो तुटीत जातो, कारण तेवढ्याच वजनाच्या भुसकटात ढोबळमानाने ४०० किलो कर्ब आणि थोडं नत्रही असतं.

म्हणून मळणी झालेलं भुसकट रानात परतवणं आणि सोयाबीनमध्ये तूर घेणं, ही दोन कामं लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातली आहेत. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन, ही पद्धत मराठवाड्यात रुळलेली आहे. सोयाबीन निघाल्यावरही तूर रानात उभी राहते, तिची मुळं खोल जातात, आणि काढणीपर्यंत तिचा पाला त्याच जमिनीवर गळत राहतो.