जादूची वस्तू, पण नियमानं!

तुम्हाला कुणी विचारलं, "एक जादूची वस्तू देतो, बोला कुठली हवी?" तर काय मागाल? बरेच जण म्हणतील, कधीच न हरणारी तलवार! पण जरा थांबा. खेळात अशी तलवार एकाला मिळाली, तर बाकीचे पाच मिनिटांत जांभया द्यायला लागतील. जिंकणार कोण हे आधीच ठरलेलं असेल, तर इतरांनी खेळायचं कशाला?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोन अमेरिकन खेळवेड्यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला. यात एक जण सूत्रधार होतो. गुहा, राक्षस, खजिना यांचं वर्णन तो करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करणार ते बोलून सांगतात. आपल्या कोकणातल्या दशावतारात नाही का, कथा ठरलेली, पण संवाद नटांनी रंगमंचावर आयत्या वेळी रचायचे! तसंच काहीसं. फक्त इथं कथेचा शेवटही ठरलेला नसतो. वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

या खेळातल्या जादूच्या वस्तू कशा चालतात, ते बघू.

सगळ्यात साधी म्हणजे 'अधिक एक'ची तलवार. राक्षसाला वार लागायला १५ हवेत आणि तुमची बेरीज आली १४. साधी तलवार असती तर वार हुकला असता. जादूच्या तलवारीनं एक वाढतो आणि वार बसतो! जादू एवढीशीच, पण ऐन वेळी जीव वाचवणारी.

दुसरी, आगीचे गोळे फेकणारी कांडी. तिच्यात ७ वेळा पुरेल एवढी शक्ती असते. रोज पहाटे त्यातली थोडी परत भरते. किती, ते फासा सांगतो. शेवटची शक्तीही वापरून टाकली, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. १ पडला की कांडीची राख! म्हणजे सातवा गोळा फेकायचा की नाही, हा विचार करायलाच हवा.

तिसरी, मायावी पिशवी. आत सव्वादोनशे किलोपर्यंत सामान मावतं, पण पिशवीचं वजन वाढत नाही. मग मित्राला तिच्यात लपवून पहारेकऱ्यांसमोरून न्यावं का? न्या की, पण आतली हवा दहाच मिनिटं पुरते. दोघे लपले तर पाच!

आणखी एक नियम. बऱ्याच जबरदस्त वस्तूंशी आधी सूर जुळवावा लागतो. वस्तू जवळ घेऊन तासभर शांत बसायचं. एका पात्राला एका वेळी तीनच वस्तूंशी सूर जुळवता येतो. चौथी हवी असेल, तर आधीच्या एकीला सोडा. त्यातून एखादी वस्तू शापित निघाली, तर ती सोडता सोडवत नाही.

हे सगळं परदेशी वाटतंय? मग महाभारत आठवा. द्रौपदीची अक्षय थाळी रोज कितीही जणांना जेवू घालायची, पण द्रौपदीचं जेवण झालं की त्या दिवसापुरती रिकामी! म्हणून तर तिचं जेवण झाल्यावर दुर्वास ऋषी आले, तेव्हा धावपळ उडाली. कर्णाला इंद्रानं दिलेली शक्ती तर एकदाच वापरायची होती. ती त्यानं अर्जुनासाठी राखून ठेवली होती, पण घटोत्कचानं रात्री हाहाकार उडवला आणि ती त्याच्यावर सोडावी लागली. घटोत्कच पडला, अर्जुन वाचला. ती शक्ती हवी तितक्यांदा वापरता आली असती, तर या प्रसंगात आपला श्वास रोखला गेला असता का?

आता आपण रत्नागिरीसाठी एक वस्तू बनवू. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये हरवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथंच वारला. त्याच्या खजिन्यातलं 'नगा मौक' नावाचं प्रसिद्ध माणिक मात्र १८८५ च्या धामधुमीत नाहीसं झालं. आपल्या खेळात ते थिबा पॅलेसच्या आवारात सापडलं असं धरू.

ते करतं काय? हातात धरलं की एखाद्या जुन्या वस्तूला एक प्रश्न विचारता येतो आणि खरं उत्तर मिळतं.
किती वेळा? दिवसातून एकदाच.
किंमत काय? विचारणाऱ्याला पुढच्या सूर्योदयापर्यंत खोटं बोलता येत नाही.

आता रंगत बघा. रत्नदुर्गावर तुम्ही जुन्या तोफेला भुयाराची वाट विचारलीत. तिनं सांगितलीही. इतक्यात चाच्यांचा सरदार समोर उभा! "तुझे साथीदार कुठं लपलेत?" खोटं तर बोलता येत नाही. गप्प राहाल, पळाल, की खरंच पण अर्धवट सांगाल?

तुमच्याकडे वीस बाजूंचा फासा नसला तरी अडत नाही. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका, एक काढा आणि दर वेळी परत टाका. तुमची वस्तूही याच तीन प्रश्नांनी बनवा आणि खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवा. म्हणजे मग मधेच "माझी तलवार हेही करते" असं कुणी म्हणायला नको, आणि भांडण तर नकोच नको!